संडासाच्या नळीतली भाजी

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली ‘सर’ म्हणते, कारण ते शाळेत विज्ञान शिकवतात. मी ‘सर’ म्हणते ते फक्त डोकं फिरलं की. त्या हिवाळ्यात मी त्यांना इतक्यांदा ‘सर’ म्हटलं, की शेजारच्या काकूंना वाटलं, आमचं नवराबायकोचं भलतंच गोड चाललंय.

याला कारण मामाजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यावर ते वडनेर भोलजीला एकटेच राहत. एकदा गोठ्यात चक्कर येऊन पडले, ते सकाळी दूधवाला आला तेव्हा सापडले. गुडघा सुजलेला, आवाज बसलेला, आणि वर दूधवाल्यालाच दम, की “माह्या पोराले सांगू नोको.” दूधवाल्यानं अर्थातच सांगितलं. सर गेले, बैल विकले, वावर, म्हणजे शेत, भावकीतल्या एकाला ठोक्यानं कसायला दिलं आणि बापाला मलकापूरला घेऊन आले. खाली माझं ब्लाउज शिवायचं दुकान, वर घर, त्यावर गच्ची. मामाजींची बाज मधल्या खोलीत पडली.

बाजेवर ते भिंतीकडे तोंड करून निजत. अर्धी भाकर खात, तीही मी समोर उभी राहिले तर. दिवसभरात बोलणं एकच, “वडनेरची यष्टी किती वाजता हाये व पोरी?” रेल्वेची शिट्टी वाजली की म्हणत, “सारी दुनिया कुठी ना कुठी जाऊन राह्यली. मीच इथं पडेल हाओ.”

डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना एकटं ठेवू नका, पुन्हा चक्कर येऊ शकते. म्हणजे ते गावाला गेले असते तर पुढच्या वेळी त्यांना आणायला नाही, उचलायला जावं लागलं असतं. हे मी सरांना असंच तोंडावर बोलले. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे. मलाही भीती वाटत होतीच. या माणसानं माझं शिलाई मशीन माझ्या माहेराहून, मोताळ्याहून, यष्टीच्या टपावर टाकून आणलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, सुनेनं दुकान मांडलं तर लोक काय म्हणतील. मामाजी म्हणाले, “लोकं म्हंतीन, ब्लाऊज चांगलं शिवते.” असा माणूस माझ्या घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

सरांना मात्र सुचलं. त्यांना सगळं मोबाइलमध्येच सुचतं. दिवाळीच्या सुट्टीत ते व्हिडिओ पाहून उठले आणि म्हणाले, “बाबाले शेती पाह्यजे ना? मी गच्चीवर शेती आणतो. मातीच लागत नाही. नुसत्या पाण्यावर. आणि आडवी नाही, उभी!”

“उभी शेती,” मी म्हटलं. “आणि आपण आडवे.”

त्यांनी ऐकलं नाही. त्यांना लागत होती एक जाड, उंच पीव्हीसी नळी, आणि तसली नळी आमच्याकडे एकाच कामाला वापरतात. हार्डवेअरवाल्या चाचांनी ती हातगाडीवर चढवली आणि काळजीनं विचारलं, “सर, नया संडास बंधवा रहे क्या?”

“नाही चाचा, पालक लावायचा आहे.”

चाचांनी नळीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. शिक्षकाशी वाद घालू नये, एवढी तमीज त्यांना होती. म्हणाले, “अल्ला बरकत दे.”

नळी भर बाजारातून आमच्या दारात आली तोवर गल्लीचं ठरून गेलं होतं, की सर गच्चीवर संडास बांधतायत, बापाला जिना उतरवत नाही म्हणून. दोघीतिघी बायकांनी मला दुकानात येऊन शाबासकीही दिली. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं म्हणे.

पुढचं काम त्याहून भारी. नळीला ठिकठिकाणी आडवी चीर द्यायची, तेवढी जागा तापवून मऊ करायची आणि चिरेत बाटली खुपसायची. प्लास्टिक फुगून ओठासारखं बाहेर येतं आणि कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात रोप बसवायचं. यासाठी माझी गॅसची शेगडी गच्चीवर गेली आणि भंगारवाल्याकडून काचेची बाटली आली. बाटली कसली असणार, दारूचीच. आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला माझा नवरा भरदुपारी गच्चीवर दारूची बाटली हातात धरून संडासाच्या नळीशी झोंबी घेत होता आणि शेजारच्या काकू वाळवणाच्या नावाखाली सगळं बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी मला हळूच विचारलं, “सरांचं शाळेत काही झालं का गं?”

पाणी वर चढवायला पंप हवा. तो सरांनी कूलरमधून काढला. मलकापूरच्या उन्हाळ्यात कूलरचा पंप म्हणजे घरातला कर्ता पुरुष. मी म्हटलं, “सर, मे महिन्यात मी काय करू?” ते म्हणाले, “तोवर मी दुसरा आणतो.” हे वाक्य त्यांनी लग्नातही एका वस्तूबद्दल वापरलं होतं. ती अजून यायची आहे.

शेवटी उभं राहिलं बाई ते प्रकरण. खाली निळा ड्रम, त्याच्या झाकणातून वर गेलेली नळी, नळीला अंगभर फुटलेले ओठ. ड्रममधल्या पाण्यात दोन बाटल्यांतलं औषध टाकायचं, म्हणजे झाडांचं खत. पंप ते पाणी वर नेऊन सोडतो, ते आतून मुळांना भिजवत पुन्हा ड्रममध्ये पडतं. एक टायमर पंप चालू करतो, तोच बंद करतो. कप्प्यांत नारळाच्या भुशात वाढवलेली रोपं बसली: पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे पुणेकरांची कोथिंबीर.

उद्घाटनाला सरांनी मामाजींना धरून गच्चीवर नेलं, खुर्चीत बसवलं आणि वर्गात शिकवतात तसं शिकवलं. “बाबा, याले निंदन नाही, खुरपन नाही, फवारा नाही. पान्याचीबी काळजी नाही. याले काहीच करा लागत नाही!”

मामाजींनी नळीवर बोटानं टकटक केली. मग म्हणाले, “मंग मी काय करू?”

सर हसले. मीही हसले. आम्हाला तो विनोद वाटला.

उतरताना मामाजींनी निकाल दिला. “संडासाच्या नळीतली भाजी मी खानार नाही. अन् मातीबिगर पीक येत नसते, लिहून घे. संक्रांतीलोग पाह्यतो. तुह्या नळीतून भोगीच्या भाजीपुरता सांबार निघाला तर मी इथीसा राह्यतो. नाही निघाला, तर दुसऱ्या दिवशी मले वडनेरच्या यष्टीत बसवून द्याचं. बोल, कबूल?”

“कबूल!” सर म्हणाले. शिकलेला माणूस पैज किती झटक्यात घेतो पाहा. मी जिन्यातच त्यांना ‘सर’ म्हटलं.

पण रोपं लागली हो. थंडी चांगली पडली होती, पालकाची पानं तळहाताएवढी झाली, सांबाराला वास यायला लागला. सरांचा तर पाय जमिनीवर ठरेना. पाहुणा आला की चहाच्या आधी गच्ची. हातात पाणी तपासायची एक कागदी पट्टी, ती ड्रममध्ये बुडवायची, रंग बघायचा आणि ‘हं’ म्हणायचं. पट्टी कसलाही रंग दाखवो, ‘हं’ ठरलेलं. कुणी मातीचं नाव काढलं की सर असं हसत, जणू त्यानं बैलगाडीनं मुंबईला जायचं काढलंय.

मामाजी मात्र खाली भिंतीकडे तोंड करून. म्हणजे सरांना तसं वाटे. मला दुकानातून जिना दिसतो. सर शाळेत गेले की एक एक पायरी भिंतीला धरून मामाजी वर जात आणि ते यायच्या आत उतरून पुन्हा बाजेवर पडत. एकदा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पालकाचं पिवळं पान सापडलं. मी ते गुपचूप टाकून दिलं आणि कुणाला काही बोलले नाही. मनात म्हटलं, चला, म्हातारं बसतंय आता ठिकाणावर.

आणि मग नळ आला.

आमच्याकडे नळ रोज येत नाही. आठवडा जातो, कधी त्याहून जास्त. तोवर पाणी आम्ही तुपासारखं वापरतो. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदूळ धुतलेलं भांड्यांना. पाहुण्याला तांब्या देताना डोळा तांब्यावर. पण एकदा का नळानं घशात गुळगुळ केलं, की घरातलं सगळं पाणी त्या क्षणाला शिळं होतं! काल ज्या हंड्यासाठी शेजारणीशी भांडलो, तोच हंडा आज गटारात. टाकी पालथी, माठ पालथा, ड्रम पालथा. घासा, विसळा, ताजं भरा. नळाला आलेलंही धरणातलंच, तेही कित्येक दिवस तिथं पडून असलेलं, पण ते ताजं. असं का, विचारू नका. माझी आई असंच करायची, मीही करते, आणि विज्ञान शिकवणारे सरही स्वतःच्या हातानं माठ ओततात.

त्या सकाळी सर शाळेत लवकर गेले होते. गल्लीत “नळ आला, नळ आला” ओरडा झाला आणि मी खाली मोटर लावून टाकी भरत बसले. थोड्या वेळानं पाहते, तर गच्चीच्या पन्हाळीतून धो धो पाणी गटारात पडतंय. वास मात्र औषधाचा. जिना चढून गेले तर मामाजी धोतर खोचून उभे, नखशिखांत ओले, आणि हसतायत! आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा हसत होते.

“अव पोरी, कितीक दिवसाचं शिळं पानी पाजून राह्यला तो लेकराईले! निरा वास मारे. सारं काढून टाकलं. डरम घासला चांगला, अन् ताजं भरलं. आता पाह्य कसे तरारतीन!”

“घासला? कशानं?”

“तुह्या कपड्याच्या पावडरनं. अन् पानी वाया नाही घातलं बरं, एकाच बादलीत विसळला.”

अख्खा ड्रम गटारात, आणि विसळायला एकच बादली. काटकसर! इतक्यात टायमरनं आपलं काम केलं. पंप सुरू झाला आणि नळीच्या प्रत्येक ओठातून पांढराशुभ्र फेस बाहेर यायला लागला. पालकाला दाढी आली, मेथीला मिशा आल्या. मामाजींचं हसू हळूहळू उतरलं.

“हे काय होऊन राह्यलं व?”

मला रडू येत होतं आणि हसूही. मी म्हटलं, “काही नाही मामाजी. अंघोळ करून राह्यले ते.”

सर आले तोवर नळ गेला होता. म्हणजे फेस धुवायचा तर पिण्याचं पाणी घालायला हवं. ते गच्चीवर गेले आणि त्यांनी फेस पाहिला. मग त्यांचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं. मी आधीच जाऊन दारात उभी राहिले होते. “सर, बापाला एक शब्द बोललात तर ही नळी मी तुमच्या डोक्यात घालीन. इतके दिवस तो माणूस नुसता पडून होता. आज पहिल्यांदा त्यानं काही केलंय.”

“पण त्या पाण्यात औषध होतं! आणि बाटल्या संपल्यात. मागवल्या तरी संक्रांतीच्या आत येत नाहीत.”

एवढं ते मोठ्यानं बोलले. खाली बाजेवर मामाजींनी ऐकलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. रात्रीची अर्धी भाकरही तशीच राहिली.

पुढचे दिवस वाईट गेले. आम्ही दोघांनी अर्ध्या बादलीत अंघोळी उरकून वाचवलेलं पाणी नळीवर ओतलं, तरी पानं पिवळी पडली, सांबार मान टाकून बसला. सर त्या पट्टीला हात लावेनात. भोगीला मी भाजी केली ती बाजारातल्या सांबाराची. पैज कोण हरलं होतं ते सांगायची गरज नव्हती. संक्रांतीच्या सकाळी सरांनी बापाची पिशवी भरायला घेतली. गोळ्या घातल्या, काढल्या, पुन्हा मोजून घातल्या. मी तिळगुळाचा डबा त्यात ठेवायला गेले तर बाज रिकामी.

एकटेच निघाले की काय! मी रस्त्याकडे धावले, सर गच्चीकडे. वरून त्यांची आरोळी आली, “बाबा! यात माती नाही चालत!”

वर गेले. मामाजी ड्रमशेजारी पोतं पसरून बसले होते. त्यात वडनेरची काळी माती, स्वतःच्या वावरातली. त्याच दूधवाल्याकरवी मागवली होती, आणि या खेपेला त्याला सांगितलेलं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती माती शेणखतात कालवून मामाजी एकेका ओठात कोंबत होते. अर्धी आत गेली होती, ती घसरून ड्रममध्ये. पंप घोगरा आवाज काढून केव्हाच मेला होता.

“चालत नाही तं नाही चालत,” मामाजी मान वर न करता म्हणाले. “तुह्या पंपाचं तू पाह्य.”

“बाबा, यष्टी... दहाची...”

“जाऊ दे यष्टी. माह्याच हातानं बिमार पडलं हे. बिमार पीक टाकून जाते का कोनी?”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “बघता काय? बादली आणा.”

त्या दिवसापासून मामाजी सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन गच्चीवर. एकेका कप्प्यात घोट घोट पाणी. अर्ध्याहून जास्त रोपं गेलीच, त्यांच्या मातीनं काही चमत्कार केला नाही. पण ते खाली आले की जेवताना सारा हिशेब द्यायचे: कोणतं वाचेल, कोणतं वाचणार नाही, सरांना कसं काही कळत नाही. तोंड आमच्याकडे करून, आणि दोन भाकरी खाऊन. गुडघा दुखतो म्हणून शिव्या द्यायचे त्याही सरांनाच. मला इतकं बरं वाटायचं, की मी शिव्या मोजत बसायची.

पण सर ते सरच. नव्या बाटल्या आल्या. त्यांनी एका रविवारी पंप खोलून साफ केला, माती काढली, नवी रोपं बसवली, टायमर लावला. काय सांगू, आठवड्यात रान माजलं नळीवर. मामाजी दोनदा वर गेले, तांब्या तसाच भरलेला घेऊन खाली आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. बाजेवर पडले, कूस बदलली आणि भिंतीला म्हणाले, “आता मस्त हाये पीक. वडनेरची यष्टी किती वाजता हाये व पोरी?”

माझ्या हातातली फोडणी जळाली. सर उंबरठ्यावर उभे होते, त्यांनीही ऐकलं. ते तडक गच्चीवर गेले. थोड्या वेळानं उतरले तेव्हा टॉवेलखाली काहीतरी धरलेलं होतं आणि जिन्यावर पाणी ठिबकत होतं. तसेच ते दुकानात गेले आणि माझ्या अस्तराच्या कापडाच्या पेटीत ते ठेवून आले. कूलरचा पंप.

“सर,” मी म्हणणार होते, “माझी अस्तरं भिजतील.” पण त्यांचा चेहरा पाहिला आणि पेटीचं झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढली तशी गच्चीवरून मामाजींची हाक आली. गल्लीभर ऐकू गेली. “अबे, लोकं सर म्हंते तुले! मेली ना तुही मशीन पुन्ना! सारे झाडं माना टाकून राह्यले. मी यष्टीत बसलो असतो मंग?”

सर जिन्याखाली मान घालून उभे होते. “मंग आमचं काही खरं नव्हतं बाबा.”

“हाव. आन तांब्या इकडं.”

सरांनी तांब्या भरून नेऊन दिला. आता मे चालू आहे, कूलर नुसतं कोरडं वारं फेकतो, पंप पेटीतच आहे आणि गच्चीवर नळीच्या सावलीच्या अंगाला चार पालक अन् एक हट्टी मेथी तांब्याच्या पाण्यावर तगून आहे. तो तांब्या भरून दिला त्या दिवशी दुपारी जेवायला वाढताना मी ह्यांना ‘सर’ म्हटलं. डोकं काही फिरलेलं नव्हतं.